'दुसरी वर्दी' छापून येईपर्यंत: चार वर्षांचा हिशेब

'दुसरी वर्दी' ही माझी अग्निशमन दलातल्या बाईची कादंबरी छापून हातात येऊन सहा महिने उलटले. तेव्हापासून ओळखीच्या-अनोळखी चार-पाच जणींचे फोन येऊन गेले. कादंबरी लिहून कपाटात पडली आहे, आता कुणाला भेटू, पैसे किती लागतात, फसवणार तर नाहीत ना. फोनवर सांगताना मी दर वेळी निम्मं विसरते, म्हणून एकदाच तारखांसकट लिहून टाकते. मी नाशिकमधल्या एका अनुदानित शाळेत लिपिक आहे. आवक-जावक माझ्याकडे असते, त्यामुळे कुठला कागद कधी दिला आणि उत्तर कधी आलं हे डायरीत उतरवायची सवय आहे. या सगळ्या प्रकरणात ती डायरीच सगळ्यात जास्त कामाला आली.

सुरुवात २१ एप्रिल २०२१ ची. आमच्या शहरात एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली तो दिवस. नाशिककरांना वेगळं सांगायला नको. टीव्हीवर दिवसभर तेच दृश्य: पांढऱ्या वाफेचा लोट आणि त्यात शिरणारी अग्निशमन दलाची माणसं. कुणाचाच चेहरा ओळखू येत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "यात एखादी बाई असली तरी कळायची नाही गं." बस, एवढंच. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. रात्री मोबाइलवर शोधत बसले तेव्हा कळलं की नागपूरच्या नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेजात २००२ साली हर्षिनी कान्हेकर या पहिल्या महिला विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. १९५० च्या दशकातलं कॉलेज, आणि तोवर तिथे एकही मुलगी नव्हती. आपल्याच राज्यातली गोष्ट आणि मला ती चाळिशी ओलांडल्यावर समजली, याची लाज वाटली.

१५ ऑगस्टला लिहायला बसले. शाळा बंद होत्या, कार्यालयात दिवसाआड जायचं. मी कथा लिहिल्या होत्या, दोन दिवाळी अंकांत छापूनही आल्या होत्या, पण शंभर पानांच्या पुढे कधी गेले नव्हते. सगळं मोबाइलवर, गूगल डॉक्समध्ये लिहिलं. स्वयंपाक करताना बोलून टाइप करायचे. त्यामुळे पहिल्या खर्ड्यात "वैजयंती शिडी चढू लागली"च्या मधेच "कुकर बंद कर" असं आहे. ते मी जपून ठेवलंय.

गोष्ट अशी ठरवली होती: वैजयंती निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. घरच्यांचा विरोध पत्करून अग्निशमन दलात भरती होते. ठरलेलं लग्न मोडतं. नऊ वर्षं माहेरचा उंबरा ओलांडत नाही. मग एका रात्री एका इमारतीला आग लागते, आणि चौथ्या मजल्यावर अडकलेला म्हातारा म्हणजे तिचाच बाप. ती त्याला खांद्यावर घालून शिडीवरून खाली आणते. बाप रडतो, ती रडते. मी तर लिहितानाच रडले होते.

डिसेंबरच्या ३ ते ५ तारखांना साहित्य संमेलन नाशिकलाच, आडगावला होतं. आदल्या दिवसांत अवकाळी पाऊस झालेला. मी ग्रंथप्रदर्शनात गाळ्या-गाळ्यावर उभी राहून विचारत होते, नव्या माणसाची कादंबरी घेता का? बहुतेकांनी "पूर्ण झाली की पाठवा" म्हणून कार्ड दिलं. एका गाळ्यावरच्या वयस्कर गृहस्थांनी मात्र विषय विचारला आणि म्हणाले, "फायर स्टेशन आतून बघितलंय का तुम्ही?" मी म्हटलं, रस्त्यावरून बघितलंय. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

मग परवानगीचं सुरू झालं. शेजारच्या जिल्ह्यात एका महापालिकेच्या हद्दीत माझी नणंद राहते, मुक्कामाची सोय होती, म्हणून तिथलं केंद्र निवडलं. ६ जानेवारी २०२२ ला पहिला अर्ज दिला. सरळ आयुक्तांच्या नावाने, "कादंबरीलेखनासाठी अग्निशमन केंद्रास भेट देण्याची परवानगी मिळणेबाबत". वीस दिवस काहीच नाही. फोन केला तर कळलं, अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आता मी रोज दुसऱ्यांचे अर्ज स्वीकारणारी बाई, आणि पोच न घेता अर्ज पोस्टात टाकला होता! दुसरा अर्ज स्वतः जाऊन, मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांच्या नावाने दिला. त्यात काय बघायचं आहे, किती वेळा येणार, किती वाजता, फोटो काढणार नाही, कुणाचं नाव वापरणार नाही, हे सगळं लिहिलं. आधारची प्रत जोडली. आमच्या संस्थेचं ना-हरकत पत्रही जोडलं. ललित लेखनाला काही अडचण नसते असं सगळे म्हणत होते, पण कागद हाताशी असलेला बरा. आणि हो, दोन प्रती न्यायच्या, एकीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. माझं एवढं ऐकाच.

२३ फेब्रुवारीला परवानगी आली. फक्त दिवसा, वर्दीवर गाडीत बसून जायचं नाही, कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा आणायचा नाही. तिन्ही अटी रास्त होत्या.

इथे 'वर्दी' शब्दाचं सांगायला हवं, कारण पुस्तकाच्या नावावरून अजून लोक विचारतात की ही पोलिसांची कादंबरी आहे का. हिंदी सिनेमांनी वर्दी म्हणजे गणवेश करून टाकलाय. पण आपल्याकडे वर्दी देणं म्हणजे खबर देणं, आणि अग्निशमन दलात आजही आगीचा कॉल आला की "वर्दी मिळाली" म्हणतात. वॉच रूममध्ये फोन वाजतो, पत्ता लिहून घेतात, घंटा होते, गाडी बाहेर पडते. एका वर्दीवर असतानाच दुसरी आली की कुणाला कुठे पाठवायचं याचा खल होतो. हे सगळं मला ५ मार्चच्या शनिवारी, पहिल्याच भेटीत कळलं, आणि नाव तिथेच सापडलं. तोपर्यंत नाव होतं 'अग्निशिखा'. कृपया हसू नका.

त्या केंद्रात दोन महिला जवान होत्या. त्यांतल्या एकीने मला सांभाळून घेतलं. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण मी तिला ताई म्हणायचे आणि ती मला मॅडम. तिने पहिल्या दिवशी काही सांगितलंच नाही, नुसता होज, म्हणजे पाणी मारायचा पाइप, उचलायला दिला. ६३ मिलिमीटरचा, १५ मीटर लांबीचा, गुंडाळलेला. कोरडा होता तरी मी दोन्ही हातांनी उचलला. "पाण्याने भरला की हा साप होतो," ती म्हणाली. "तुमच्या त्या मुलीला एकटीला धरायला लावू नका." मी लावलं होतं. पान ६२ वर.

मग बीए सेट दाखवला, म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क. पट्टे आवळून तिने मास्क माझ्या तोंडावर बसवला. रबराचा वास, आणि स्वतःच्याच श्वासाचा आवाज एवढा मोठा की शेजारचा माणूस काय बोलतोय ते कळेना. हवा संपत आली की शिट्टी वाजते. ती वाजली की हातातलं काम कितीही महत्त्वाचं असो, बाहेर निघायचं. ताई म्हणाली, "शिट्टी वाजल्यावर मागे वळायला शिकायलाच जास्त दिवस लागतात. आत जायला काय, सगळेच जातात." हे वाक्य मी जसंच्या तसं कादंबरीत घातलं, तिला विचारून.

एकूण अकरा वेळा गेले. बहुतेक दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सकाळची एसटी, संध्याकाळी परत किंवा नणंदेकडे मुक्काम. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं, तेव्हा शेवटच्या तीन खेपा अर्ध्या पैशात झाल्या. अकरापैकी सात दिवस केंद्रात आग अशी नव्हतीच. नोंदवही चाळायला दिली होती त्यात झाड पडलं, मांजात घार अडकली, गॅसचा वास, विहिरीत म्हैस, कचऱ्याला आग, पुन्हा कचऱ्याला आग. उरलेला वेळ गाडी धुणं, पंप चालू करून बघणं, होज वाळत घालणं. ड्रिल टॉवर म्हणून जो उंच मनोरा असतो तो सरावाला तर असतोच, पण तिथे ओले होज लोंबकळत ठेवलेले मी पाहिले, वाळवणासारखे. माझ्या कादंबरीत पहिल्या आगीनंतर वैजयंती पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडत होती. ताईने वाचलं आणि म्हणाली, "रडेल की. पण होज धुऊन झाल्यावर."

तिने सांगितलेली एक गोष्ट मला संशोधनातून कधीच मिळाली नसती. धुराचा वास केसांत तीन दिवस राहतो. तिची सासू वाचायला शिकलेली नाही, पण सून घरात शिरली की ती फक्त जवळ येऊन डोक्याचा वास घेते आणि ठरवते, आज काय झालं ते विचारायचं की नाही. वास जास्त असेल तर काही न बोलता पाणी तापवते, शिकेकाई काढून ठेवते. हे सांगताना ताई बुटांना पॉलिश करत होती. मी घरी येऊन पहिल्यांदा हे लिहिलं आणि मागची दीडशे पानं खोटी वाटायला लागली.

कादंबरीचा ठरवलेला शेवट तर ऑगस्ट २०२२ मध्ये कोसळला. केंद्र अधिकाऱ्यांनी पूर्ण खर्डा वाचायला नेला होता. चार महिने त्यांच्या टेबलावर हजेरीपटाखाली होता. मी दर खेपेला बघायचे, विचारायचं धाडस व्हायचं नाही. अखेर त्यांनी लाल पेनाने खुणा केलेला गठ्ठा पुढे ठेवला. शिडीचं नाव चूक, हुद्दे चूक, पाण्याचा दाब चूक. हे सगळं शांतपणे सांगून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, स्वतःच्या बापाची वर्दी सिनेमात येते. मला अठ्ठावीस वर्षं झाली, आली नाही." थोडं थांबून पुढे म्हणाले, "आमची घरची भांडणं आगीत मिटत नाहीत. आगीमुळे होतात. सणाला नाही, लग्नाला नाही, आई आजारी होती तेव्हा नाही."

परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून मी शेवटची चाळीस पानं मनातल्या मनात फाडली. आधी राग त्यांच्यावर आला, मग गाळ्यावरच्या त्या गृहस्थांवर, मग स्वतःवर. पुढचे अडीच महिने एक ओळ लिहिली नाही. ज्यांना असं होतंय त्यांना सांगते, होतं. त्या काळात मी घराचे पडदे शिवले.

मग वैजयंतीला आणि तिच्या माहेरच्यांना पुन्हा एकमेकांसमोर आणायचं कसं? आग नको, अपघात नको, आजारपण नको. दिवाळीत माहेरी गेले होते तिथे चुलतबहीण म्हणाली, "मला पुढच्या आठवड्यात सहीला बोलावलंय." बस्स. आपल्याकडे बहिणीची आठवण सगळ्यांना एकाच वेळी कधी येते? हक्कसोडपत्राच्या, म्हणजे तिने आपला वाटा सोडल्याच्या कागदाच्या वेळी. बाप गेल्यावर वारस नोंदीत मुलींची नावं लागतात. २००५ च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाएवढाच वाटा आहे. पण सातबारावर नाव चढलं की भाऊ चहाला बोलावतो, साडी घेतो, आणि ताई एक सही कर म्हणतो. नऊ वर्षं ज्या घराने वैजयंतीला फोन केला नाही, त्या घरातून फोन येतो तो सहीसाठी. ती रात्रपाळी संपवून, केसांत धूर घेऊन गावी जाते. कादंबरी आता तिथून सुरू होते. ती सही करते की नाही, ते इथे सांगत नाही.

हे मला सुचलं यात माझी हुशारी नाही. २०११ साली मी स्वतः अशी सही केली आहे. त्यानंतर धाकट्या भावाशी बोलणं राहिलं ते 'कसे आहात, बरे आहोत' एवढंच. त्याच्याबद्दल मी पुस्तकात काही लिहिलेलं नाही. पण ज्यांनी लिहिलंय त्यांना माहीत असतं, काय लिहिलंय ते.

तिसरा खर्डा सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. पहिला ९६ हजार शब्दांचा होता, हा ७१ हजारांचा. ९ ऑक्टोबरला पाच प्रकाशकांना पाठवला. छपाई, झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंगचे प्रत्येकी ४१० रुपये, कुरिअरचे मिळून ४६०. तिघांकडून आजतागायत उत्तर नाही. एकाने चार महिन्यांनी दोन ओळींचं सभ्य पत्र पाठवून हस्तलिखित परत केलं. ते पत्र मी लावून ठेवलंय, कारण त्यात "संवाद चांगले आहेत" असं आहे. पाचव्यांचा फोन आठव्या दिवशीच आला. कादंबरी फार आवडली, ताबडतोब काढू, पाचशे प्रती, लेखकाचा सहभाग ८५ हजार. मी विचारलं, कुठला भाग आवडला? ते म्हणाले, एकूणच. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा काहीच नाही, पण ते स्वतःच्या खर्चाचं आहे हे आधी सांगावं आणि छपाईचा हिशेब दाखवावा. इथे दोन्ही नव्हतं. मी नमस्कार केला.

याच काळात राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेबद्दल कळलं. पहिल्या पुस्तकासाठी अनुदान असतं, कादंबरीही त्यात येते. जाहिरात वर्षाच्या सुरुवातीला निघते आणि मुदत महिनाभराचीच. मी पाहिली तेव्हा मुदत उलटून गेली होती. चूक माझीच, तुम्ही करू नका. डिसेंबरपासूनच लक्ष ठेवा.

हस्तलिखित इकडे तिकडे फिरतंय म्हणून मार्च २०२४ मध्ये कॉपीराइटची नोंदणी करून घेतली. ती सक्तीची नाही, लिहिल्याबरोबर हक्क आपलाच असतो. पण मन शांत राहतं. ऑनलाइन अर्ज, साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क, मग डायरी क्रमांक मिळतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. प्रमाणपत्र यायला मला पाच महिने लागले.

सहावा प्रकाशक छोटा, दोन माणसांचा. १८ जून २०२४ ला त्यांचा फोन आला आणि बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "ती शिकेकाईवाली सासू खरी आहे का?" पुस्तक वाचलेलं माणूस ओळखायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. अटी अशा: पाचशे प्रती, विकल्या गेलेल्या प्रतींवर छापील किमतीच्या दहा टक्के मानधन, दर सहा महिन्यांनी हिशेब, आणि शंभर प्रती मी चाळीस टक्के सवलतीने घ्यायच्या. शेवटची अट मला टोचली. पण ती पहिल्याच फोनवर सांगितली गेली होती, म्हणून हो म्हटलं.

करार ५ ऑगस्टला झाला. करार वाचायचा असतो, हे लिपिक असूनही मला नवऱ्याने सांगावं लागलं, इतकी मी हुरळले होते. पहिल्या मसुद्यात "सर्व हक्क" एवढंच होतं. आम्ही विचारल्यावर त्यांनी विनातक्रार बदललं: फक्त छापील मराठी आवृत्तीचे हक्क, तीन वर्षांसाठी, ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, नाट्य-चित्रपट लेखकाकडे. कॉपीराइट कायद्यात एक सोय आहे, हक्क देताना मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. तरी लिहून घेतलेलं बरं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, त्यांनीच घेतला. तो सरकारकडून विनाशुल्क मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर निदान कशाचे ते विचारा.

मुद्रितशोधनाबद्दल मी एक वेगळा लेख लिहू शकते. माझं सगळं युनिकोडमध्ये, त्यांच्या अक्षरजुळणीचा फाँट वेगळा. बदलताना प्रत्येक 'ऱ्य' मोडला. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', 'पायऱ्या'चं 'पायर्या'. अग्निशमन दलाच्या कादंबरीत पायऱ्या किती वेळा येतात याचा विचार करा. ॲम्ब्युलन्समधला ॲ कुठे चौकोन, कुठे गायब. पहिलं प्रूफ नोव्हेंबरमध्ये आलं, २६४ पानं. मी ते मोठ्याने वाचत सुधारलं, सासूबाई ऐकायला बसल्या. त्यांनी तीन ठिकाणी "हे निफाडकडं असं नाही बोलत" म्हणून थांबवलं. त्यांचं माहेर तिकडचं. दुसरं प्रूफ जानेवारीत. एक युक्ती सांगते: दुसऱ्या प्रुफात पहिल्या दुरुस्त्या झाल्या का, हे बघायला दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून दुसऱ्या कुणीतरी वाचावं. आपल्याला आपली चूक दिसत नाही, वाक्य पाठ झालेलं असतं.

पुस्तक फेब्रुवारी २०२५ मधल्या दिल्लीच्या संमेलनाआधी आणायचं ठरलं होतं. नाही आलं. मुखपृष्ठ तीनदा बदललं. पहिल्या चित्रात बाई ज्वाळांसमोर मोकळ्या केसांनी उभी होती! ताईला फोटो पाठवला तर तिने फक्त एक हसरा चेहरा पाठवला. आता मुखपृष्ठावर गमबूट आहेत, त्यांच्यावर पँट दुमडून ठेवलेली. पाय घातले की एका हिसक्यात वर ओढता यावी म्हणून ते तशीच ठेवतात.

मग प्रकाशकांना कल्पना सुचली, १४ एप्रिलला प्रकाशन करू. तो अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली त्या तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. मी केंद्र अधिकाऱ्यांना फोन केला. "त्या दिवशी मानवंदना असते, मग आठवडाभर शाळांतून प्रात्यक्षिकं. आमच्यातला एकही येणार नाही. आणि त्या दिवशी टाळ्या नकोत." मग रविवार, २७ एप्रिल ठरला. वाचनालयाचं छोटं सभागृह, साठ खुर्च्या, त्यातल्या चाळीसेक भरल्या. ताई गणवेशात नाही, अबोली साडीत आली होती; मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. अर्ध्या कार्यक्रमातून केंद्र अधिकारी उठून गेले. फोन आला होता.

पैशांचं विचारणाऱ्यांसाठी. पाच प्रती आणि कुरिअर २,५१०. अकरा खेपा सुमारे ४,३००. कॉपीराइट ५००. किंमत ३६० रुपये, म्हणजे माझ्या शंभर प्रतींचे २१,६००. एकूण २८,९१०. त्यातल्या ६२ प्रती मी तीनशेला विकल्या, त्याचे १८,६०० आले. बाकीच्या वाटल्या किंवा पलंगाखाली आहेत. सप्टेंबरअखेरच्या हिशेबात १३१ प्रती विकल्याचं दिसलं, मानधन ४,७१६. सुमारे साडेपाच हजार खिशातून गेले. पडद्यांचं कापड यात धरलेलं नाही.

भावाला मी पुस्तक दिलं नव्हतं. त्याने दुकानातून घेतलं, हे मला ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला तेव्हा कळलं. रात्रीचे साडेनऊ. कसे आहात वगैरे काही नाही, थेट म्हणाला, "पान १४३. ती मुलगी हक्कसोडच्या सहीसाठी तलाठ्याकडे जाते असं लिहिलंयस. तसं होत नाही. नोंदणीकृत दस्त लागतो, दुय्यम निबंधकाकडे. तलाठी नंतर फेरफार धरतो, नोटीस काढतो, पंधरा दिवस हरकतीला. तू आलीस की स्वतः. तुझा फोटो काढला, अंगठा घेतला. निळी साडी होती तुझी. दोन तास लाइन बंद होती, मी तुला उसाचा रस आणून दिला, तू घेतला नाहीस."

मला यातलं काही आठवत नव्हतं. रोज कागद हाताळणारी मी, आणि कुठल्या कार्यालयात सही केली तेही लक्षात नाही. त्या दिवशी मी रागाने मान वर केली नव्हती बहुधा. केंद्र अधिकाऱ्यांनी अग्निशमनाचं सगळं तपासलं, पण ते पान त्यांच्या खात्यातलं नव्हतं.

प्रकाशकांना चूक कळवली. दुसरी आवृत्ती निघाली तर दुरुस्त करू म्हणाल्या. माझ्याकडच्या उरलेल्या प्रतींत मी पान १४३ वर हाताने चिठ्ठी चिकटवते आहे.

भाऊबीजेला तो आला. ओवाळून झाल्यावर पिशवीतून एक लखोटा काढून दिला. २०११ च्या दस्ताची झेरॉक्स, लिहायला उपयोगी पडेल म्हणून. तो जेवायला बसल्यावर मी शेवटचं पान उघडलं. तिथे माझा बारीकसा फोटो आहे, डोळे खाली. झेरॉक्स काळी-पांढरी, पण साडीचा काठ स्पष्ट दिसतो. निळीला काठ नव्हता. ती हिरवी होती.